गावची खबर

ही स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा समितीने लेखांची वाटणी केली. एकाकडे देवस्थानचा इतिहास गेला, दुसऱ्याकडे न्यासाच्या शिष्यवृत्त्यांचा आढावा, तिसऱ्याकडे दिवंगत आश्रयदात्यांचा परिचय. आमच्या वाट्याला आल्या त्या ‘गावच्या वार्ता’. काम हलके म्हणून आम्हांस दिले असावे. आम्हीही ते हलकेच समजलो आणि नमुना म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतील त्याच सदराची पाने उघडून बसलो.

त्या पानांवर काय आहे? कोणाची कन्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, कोणाच्या घरी वास्तुशांत झाली, कोणत्या वाड्यावरची विहीर उपसली, भजनी सप्ताहाचा खर्च कोणी उचलला. आणि एका ओळीत असे आहे की ‘एका भगिनीकडून कै. पतीच्या स्मरणार्थ’ काही रक्कम आली असून तिच्या व्याजातून दरवर्षी एका होतकरू मुलीस बक्षीस द्यावयाचे आहे. ते बक्षीस आम्ही आजतागायत देत आहो. गेल्या वर्षी ज्या मुलीला ते मिळाले, तिने व्यासपीठावरून खाली उतरल्यावर आम्हांस विचारले, “हे कोणाच्या नावाचे बक्षीस?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या वर्षीचे पावतीपुस्तक वाळवीने खाल्ले आहे. रक्कम स्वीकारणारे चिटणीस हयात नाहीत. छापील ओळीत ना त्या बाईंचे नाव, ना पतीचे, ना वाड्याचे. बाईंनी स्वतःच नाव नको म्हटले असेल, किंवा लिहिणाऱ्याला वाटले असेल की गावात सगळ्यांना ठाऊकच आहे. बहुधा दुसरेच खरे.

तेव्हा वार्तांची यादी देण्याऐवजी, आपल्या पेडणे-डिचोली भागात गावची खबर निघते कशी, चालते कशी आणि हरवते कुठे, हेच वाचकांपुढे मांडावे असे आम्ही ठरविले.

आपल्या बोलण्यात बातमी आणि खबर हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. बातमी छापून येते. खबर माणसाकडून माणसाला येते, आणि ती ऐकल्यावर काहीतरी करावे लागते. पायांत वहाणा घालून निघावे लागते, शेजाऱ्याला सांगावे लागते, चुलीवरचे उतरावे लागते. ‘खबर आली’ एवढेच म्हटले तरी घरातली जुनी माणसे गप्प होतात, कारण त्या शब्दाला मरणाचा वास आहे.

खबर कोठवर जाते हे आपल्याकडे नद्यांनी ठरविले. पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस समुद्र. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ही किनाऱ्याची गावे. पार्से, तुये, कोरगाव, विर्नोडा मधली. आणि वारखंड, मोपा, चांदेल, इब्रामपूर, हळर्ण ही डोंगराकडची. डिचोलीत मये, नार्वे, पिळगाव, कुडणे, साळ, लाटंबार्से, मुळगाव, शिरगाव. हा सारा मुलूख १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांकडे गेला. त्यापूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. राज्य बदलले तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. बांदा, आरोंदा, शिरोडा, दोडामार्ग, सावंतवाडी येथे आपल्या मुली दिल्या गेल्या आणि तिकडच्या आपल्याकडे आल्या. सरहद्दीचा खांब कुठे आहे हे शिपायाला ठाऊक. खबरीला तो खांब कधी आडवा आला नाही. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जायचे तर पेडणेकराला शापोरा ओलांडावी लागे, आणि तारीवर बसलेल्या अर्ध्या घटकेत दोन्ही काठांची हकीकत अदलाबदल होई. आज कोलवाळला आणि शिवोलीला पूल आहेत. पुलावरून मोटार जाते, पण तरीवर जसे बोलणे होई तसे पुलावर होत नाही. केरी-तेरेखोल फेरीवर थोडेफार अजून होते.

आता सर्वांत जुन्या साधनाकडे वळू. ते म्हणजे देवळातले गाऱ्हाणे.

शहरातल्या वाचकाला गाऱ्हाणे म्हणजे तक्रार वाटेल. आपल्याकडे तसे नाही. जत्रेला, वार्षिकाला किंवा एखाद्या घरच्या कार्याला देवासमोर नारळ ठेवून मानकरी उभा राहतो आणि खड्या आवाजात देवतांना नावानिशी हाक घालतो. रवळनाथ, माउली, सातेरी, भूतनाथ, बारा-पाचाचे अधिकारी, सीमेवरचे राखणदार, कोणीही सुटता कामा नये. मग सांगतो की अमुक वाड्यावरचे अमुक लेकरू आज तुझ्या दारात आले आहे. ते मुंबईला चाकरीस असते. गेल्या साली घरात दुखणे होते तेव्हा बोललेला नवस फेडावयास आले आहे. यापुढे त्याच्या मुलाचे लग्न ठरावयाचे आहे, कोर्टातला दावा सुटावयाचा आहे, तर सांभाळ कर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी भोवतालची मंडळी एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतात.

यात भक्ती आहेच. पण खबरीच्या दृष्टीने पाहिले तर ही फार पक्की व्यवस्था आहे. माणूस कोण, कोठला, सध्या कोठे असतो, घरात काय घडले, पुढे काय व्हावयाचे आहे, एवढे सारे एका दमात, मोठ्याने, शंभर माणसांसमोर सांगितले जाते. खोटे सांगण्याची सोय नाही, कारण ‘व्हय’ म्हणणारे शेजारीच असतात; एखादे वाक्य चुकले तर ‘व्हय’ पुटपुटत येते, आणि मानकऱ्याला ते लगेच कळते. नवस बोलला तेव्हा खाते उघडले, फेडला तेव्हा बंद झाले, आणि दोन्ही वेळा साक्षीदार तेच. कागद लागला नाही. मुंबईहून वर्षातून एकदा येणाऱ्या चाकरमान्याला त्या पाव घटकेत गावाची वर्षभराची हालहवाल कळते आणि गावाला त्याची.

मात्र हेही लिहिले पाहिजे की या व्यवस्थेत सर्वांना सारखी जागा नव्हती. ज्याला देवळाच्या सभामंडपात उभे राहण्याची मुभा नव्हती त्याचे दुखणे-खुपणे गाऱ्हाण्यात येत नसे. बायकांचे येई ते कोणाची आई, कोणाची सून म्हणून. आमच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतील ती ‘एक भगिनी’ हीच रीत छापखान्यापर्यंत घेऊन गेली असे आम्हांस वाटते. गाऱ्हाण्यात नाव नसले तरी शंभर कानांना माणूस ओळखीचा असे. कागदाला कान नाहीत, एवढे त्या लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नाही.

बायकांची खबर वेगळ्या वाटेने चाले. पौषातल्या धालोंना वाड्यावरच्या साऱ्या जणी मांडावर जमतात. गाणी चालूच असतात, पण दोन गाण्यांच्या मध्ये कोणाच्या मुलीला सासरी काय होते आहे, कोणाला दिवस गेले आहेत, कोणाच्या घरची भाताची कणग रिकामी झाली आहे, याची वाटणी होते. ही खबर पुरुषांच्या कानी आठवडाभर उशिरा पोचते, आणि पुष्कळदा तोवर तिच्यावर उपाय झालेला असतो. एका घरून भात जाते, एका घरून जुने लुगडे. आमच्या न्यासाच्या ‘गरजूंस मदत’ या खात्यात ज्या अर्जांची नोंद आहे त्यांतले किती प्रथम मांडावर ठरले असतील, हे अर्ज लिहून देणाऱ्या पुरुषांना ठाऊक नाही.

सकाळ-संध्याकाळ सायकलीचा भोंगा वाजवीत येणारा पदेर हाही खबरीचा मोठा वाहक. त्याला थांबावयास वेळ नसतो, म्हणून तो थोडक्यात सांगतो. वार्ताहरांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

पेडण्याच्या पुनवेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. कोजागिरीच्या रात्री आपले देऊळ बांधले नाही म्हणून रुसून रानाकडे धावणारा भूतनाथ, आणि ‘बांधू, बांधू’ म्हणून त्याची समजूत घालून परत आणणारे लोक, हे दृश्य पाहावयास सावंतवाडीपासून माणसे येतात. दुसऱ्या दिवशी त्या सर्वांबरोबर पेडण्याची हकीकत गावोगाव जाते. साळच्या गड्यांचेही तसेच, होळीच्या तीन रात्रींनंतर सबंध डिचोलीभर दुसरे बोलणे नसते. उत्सव हा खबरीचा बाजार आहे. देवाच्या निमित्ताने माल येतो आणि जातो.

लिहिलेली खबर आपल्याकडे सरकारी कागदाच्या रूपाने आली आणि ती परक्या भाषेत आली. पोर्तुगीज अमलात गावाला रेजिदोर असे, तालुक्याला आदमिनिस्त्रादोर. जाहीर नोटीस लागे ती पोर्तुगीज भाषेत, आणि ‘बोलेतीं’ नावाच्या सरकारी गॅझेटात छापून येई तीही पोर्तुगीज भाषेत. शेतकऱ्याला ती वाचता येत नसे. मग जो वाचून दाखवी त्याला काही द्यावे लागे, किंवा त्याच्या उपकारात राहावे लागे. खबरीला किंमत पडली ती तेव्हापासून. देवस्थानांचा १९३३ चा कायदा आला, महाजनांच्या याद्या बनल्या, त्यांतही ज्याच्या कानी वेळेवर गेले त्याचे नाव लागले. तो कायदा आजही चालू आहे, आणि महाजनकीचे तंटे मामलेदाराकडे जातात तेव्हा जुन्या यादीतील एखादी ओळ सारे ठरविते.

मराठी वर्तमानपत्रे गोव्यात तेव्हाही होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ काढले आणि त्यापायी खटले सोसले. पुढे सालाझारशाहीत छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. हे आजच्या मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते. पण विचार करून पाहावे. नवऱ्यामुलाचे नाव, मुहूर्त आणि ‘आपले नम्र’ एवढ्या मजकुरात सरकारला भय कशाचे? भय माणसे जमण्याचे. खबर म्हणजे माणसे जमणे, हे त्या सरकारने आपल्यापेक्षा बरे ओळखले होते.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. पंजाबातील इसरू गावचा तरुण कर्नेलसिंग तेथे पडला, मध्यप्रदेशच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. दोन्ही जागा पेडणे तालुक्यातल्या. त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि पलीकडे दिलेल्या लेकीची खबर माहेरी येणे कठीण झाले. त्याच १९५५ सालच्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून गुप्त नभोवाणी सुरू केली; पुढे ती कॅसलरॉकहून चालली. आमच्या वडील मंडळींकडून आम्ही ऐकले आहे की रेडिओ असलेल्या घरात दारे लावून, आवाज अगदी बारीक करून चार कान त्याला चिकटत, आणि सकाळी तीच खबर विहिरीवर ‘स्वप्नात ऐकले’ म्हणून सांगितली जाई. १७ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा आत आल्या तेव्हा माघार घेताना पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडविले. त्या धमाक्यांनीच डिचोलीकरांना सर्वांत आधी कळविले की राज्य चालले.

मुक्तीनंतर सारे झपाट्याने झाले. १९६२ मध्ये दैनिक ‘गोमन्तक’ निघाले, त्याच वर्षी पंचायतींच्या पहिल्या निवडणुका झाल्या, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आता ‘पेडणे, ता. अमुक’ अशा अक्षरांनी सुरू होणारी बातमी छापून येऊ लागली. ती पाठविणारा वार्ताहर बहुतकरून शाळामास्तर किंवा दुकानदार असे. मोबदला नाममात्र, काही वेळा तोही नाही. कागदाच्या एका बाजूस लिहून लिफाफा कारेरच्या ड्रायव्हरच्या हाती द्यावा, त्याने तो पणजीस पोचवावा, आणि नशीब असेल तर तिसऱ्या दिवशी ती बातमी आतल्या पानावर तळाशी दिसावी. पुढे १९८० नंतर कदंबच्या गाड्या आल्या तेव्हाही लिफाफे तसेच जात. बाजारातल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेली खबर मात्र त्याच दिवसाची असे: कोण वारले, अंत्ययात्रा किती वाजता, नळाला पाणी केव्हा, आज रात्री कोणते नाटक.

त्या बातम्यांवर शहरी वाचक हसतात, कारण त्यांत नावांची लांबलचक मालिका असते. ‘या प्रसंगी सर्वश्री अमुक, तमुक उपस्थित होते.’ आम्हांला तसे हसू येत नाही. ज्या माणसाचे नाव आयुष्यात एकदाच छापून यावयाचे असते, त्याने ते कात्रण देवाच्या फळीमागे ठेवलेले आम्ही पाहिले आहे. शिवाय ती नावे हाच पुरावा. आमचे भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी: ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’ यावरून काय कळले? सभेत ठरले काय, पैसे किती जमले, कोणी हरकत घेतली, पुढची सभा केव्हा, यांपैकी एकही नाही. उत्साह पुढच्या पिढीला उपयोगी पडत नाही. हरकत कोणी आणि का घेतली, हे उपयोगी पडते.

नोंद नसली किंवा तिच्यावर कोणाचे नाव नसले, म्हणजे काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारी मयेला आहे. मयेची बरीच जमीन एका पोर्तुगीज काउंटाच्या घराण्याची होती. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत, कुळागरे राखीत, शेते कसत. १९६१ नंतर ते घराणे पोर्तुगालात, आणि १९६४ च्या कायद्याने त्या जमिनी निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेल्या. मुक्ती सगळ्या गोव्याला मिळाली, पण मयेकराच्या पायाखालची जमीन कागदावर परक्याचीच राहिली. घर दुरुस्त करावयाचे तर परवानगी, कर्ज काढावयाचे तर तारण नाही, भावाभावांत वाटणी करावयाची तर वाटावे काय? गावात सगळ्यांना ठाऊक होते की अमुक माड अमक्याच्या आजोबांनी लावले. त्या ‘ठाऊक’ला कचेरीत काही मोल नव्हते. आंदोलने झाली, निवेदने गेली, माणसे थकली आणि मेली. २०१४ साली विधानसभेने कायदा करून ती मालकी संपुष्टात आणली, आणि मग सनदा देण्याचे काम पुढे सुरू झाले. अर्जासोबत जुनी घरपट्टीची पावती, विजेचे बिल, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, असे जे जे असेल ते शोधण्याची धावपळ आमच्या नात्यातल्या काही घरांनी केली. एका घरी वाड्यावरच्या नाटकाचे छापील हस्तपत्रक जपलेले निघाले. त्यावर आजोबांचे नाव आणि वाड्याचे नाव दोन्ही होते. कचेरीत ते चालले की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. पण घरातल्या माणसांना आपण येथलेच, ही खात्री पटावयास ते पुरले.

कुळकायद्याचेही तसेच आहे. १९६४ चा कायदा, मग १९७६ ची दुरुस्ती, आणि २०१४ ची दुरुस्ती, जिने कुळांना जमीन खरेदीचे अर्ज करण्यास तीन वर्षांची मुदत घातली. मुदत घालणारी ही खबर कोणत्या घरात केव्हा पोचली? वर्तमानपत्रात आली हे खरे. पण ज्या म्हातारीच्या नावाचे कूळ, तिच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते आणि मुलगे आखातात होते. आमच्या न्यासाने त्या काळात दर रविवारी देवळाच्या धर्मशाळेत बसून एक-चौदाचे उतारे वाचून दाखविण्याचे काम केले. पन्नास वर्षांत न्यासाने पुष्कळ कार्यक्रम केले, त्यांत हार-तुरे नसलेला हा एकच. आमच्या मते तोच सर्वांत चांगला.

आता अलीकडचे थोडे. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड वैशाखात व्रत करतात आणि पहाटे होमकुंडातून चालतात. २०२५ मध्ये, ३ मेच्या पहाटे, तेथे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. आमच्या वाड्यावरूनही धोंड गेले होते. दिवस उजाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या मोबाइलवर काहीतरी आले. चित्रे आली, आकडे आले, ‘पुढे पाठवा’ असे आले. कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, कोणते गाव, कोणाचा मुलगा, हे मात्र कशातच नव्हते. शेवटी मोटारसायकलीवरून एक मुलगा शिरगावला गेला, आपली माणसे डोळ्यांनी पाहून आला, आणि चौकात उभे राहून एकेकाचे नाव घेऊन ‘बरा आहे’ म्हणाला. तेव्हा लोकांनी चुली पेटविल्या. चारशे वर्षांपूर्वीही खबर अशीच आली असती.

मोबाइल वाईट असे आमचे म्हणणे नाही. दुबईतल्या मुलाला आईचे आजारपण आता तासाभरात कळते, पूर्वी पत्राला पंधरवडा लागे. पण मोबाइलवरची खबर टिकत नाही. पूर्वी मृत्यूची खबर घेऊन माणूस दारात येई आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगे. आता चौकातल्या फलकावर छायाचित्रासह श्रद्धांजली लागते, बाराव्यानंतर फलक उतरतो आणि त्याच लाकडी चौकटीवर वाढदिवसाची शुभेच्छा चढते.

आणि बदल तर आपल्याच दारात आले. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्गावर सुरू झाली, तीत पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांना सर्वांत अधिक रडविले. माती मऊ, पुन्हा पुन्हा ढासळे. दीड किलोमीटरच्या त्या बोगद्यात २०२० च्या ऑगस्टात भिंत कोसळली आणि २०२४ च्या जुलैत पाणी शिरले, तेव्हा सबंध देशाच्या वर्तमानपत्रांत ‘पेडणे’ हा शब्द छापून आला. मोपा पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला मिळाले. बातम्या आल्या त्या धावपट्टीच्या, नावाच्या, टॅक्सीवाल्यांच्या, सर्वोच्च न्यायालयातल्या पर्यावरणाच्या खटल्याच्या. आल्या त्या योग्यच. परंतु पठारावर गुरे नेण्याची कोणती वाट बंद झाली, कोणते झरे कोणत्या उन्हाळ्यात आटले, कोणत्या देवचाराची जागा कुंपणात गेली आणि तेथला नारळ आता कोठे ठेवतात, जमीन गेलेल्या घरांनी आलेल्या पैशाचे काय केले, हे कोणी लिहिले नाही. हे लिहावयास पणजीहून किंवा मुंबईहून कोणी येणार नाही. ज्यांना ती वाट पायांखालची होती तीच माणसे ते सांगू शकतात, आणि ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने न्यासाने एक वही घातली आहे. जाड पुठ्ठ्याची, आखलेल्या पानांची. ती वाचनालयाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात नव्हे, वरच्या कप्प्यात असते. खालचा कप्पा वाळवीला आम्ही एकदा दिला आहे. जन्म, लग्न, मृत्यू, घरबांधणी, विहीर, झाड पडले, पूर आला, कोण गाव सोडून गेले, कोण परत आले, देवळात काय ठरले आणि कोणी हरकत घेतली, हे सारे तीत लिहावयाचे. तारीख आणि तिथी दोन्ही घालावी. बाईंचे नाव स्वतःचे, माहेरच्या आडनावासकट. वाडा लिहावा. सांगणाराने सही करावी, येत नसेल तर अंगठा. ‘उत्साहात’ हा शब्द चिटणीसांनी खोडावा, अशी एक उपसूचना सभेत आली होती. ती हसण्यावारी नेली गेली, पण चिटणीस ती पाळीत आहेत. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात वही टेबलावर असते. लिहिता न येणाऱ्यासाठी नववी-दहावीची दोन मुले बसतात. परीक्षेचे दिवस सोडून, हे सांगून ठेवतो.

वहीचे पहिले पान आम्ही कोरे ठेवले आहे. वर एवढेच लिहिले आहे: ‘होतकरू मुलीस द्यावयाच्या बक्षिसाच्या देणगीदार बाई’. रौप्यमहोत्सवाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ही रक्कम आली असावी. त्या काळात ज्या घरी कर्ता पुरुष वारला आणि मागे राहिलेल्या बाईंनी न्यासाकडे पैसे दिले, असे ज्यांना आठवत असेल, त्यांनी किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी येऊन सांगावे. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी चवथीला गावी आल्यावर सांगितले तरी चालेल. या वर्षीचे बक्षीस डिसेंबरात द्यावयाचे आहे.